न्हाणीच्या पाण्यावर परसबाग : मे महिन्याचं पाणी मोजा, मगच आता वाफे आखा

भूम (ग्रामीण प्रतिनिधी) : होळी झाली. ज्वारीची काढणी उरकत आली, हरभरा घरात आला, कडब्याच्या गंजी लागल्या. शेतातलं काम जरा हलकं झालं की घरामागच्या मोकळ्या जागेकडं लक्ष जातं. आठवडी बाजारातून भेंडी, गवार, दोडक्याच्या बियांच्या पुड्या येतात, कुदळ फिरते आणि चार दिवसांत सगळं परसू वाफ्यांनी भरून जातं. मार्च संपेपर्यंत हिरवंगार दिसतं. मग एप्रिलात नळ चार दिवसांआड येतो, बोअर उचक्या द्यायला लागतो, आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास बऱ्याच घरांमागं उरतात त्या वाळलेल्या काड्या. नेमकं त्याच वेळी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला हात लावायची सोय राहत नाही.

लोक म्हणतात, ऊन फार. ऊन तर आपल्याकडं फार आहेच, भूम-परंड्यात आणि शेजारच्या बार्शी-करमाळ्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जातो, त्यात नवीन काही नाही. पण परसबाग मरते ती उन्हानं कमी आणि जास्त जागा धरल्यानं जास्त. मार्चमध्ये घरात जेवढं पाणी आहे त्या हिशोबानं आपण वाफे करतो, आणि मे महिन्यात त्या पाण्याची निम्मी-पावभर वाटही राहत नाही. म्हणून ह्या लेखात बियाण्याच्या आधी पाण्याचा हिशोब घेऊ. हिशोब सोपा आहे, बादलीचा आहे.

किती पाण्याला किती जागा

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्या भागात भर उन्हाळ्यात भाजीच्या भरल्या वाफ्याला दिवसाला साधारण 6 ते 7 मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे चौरस मीटरमागं रोज 6-7 लिटर. दहा फूट बाय दहा फूट जागा म्हणजे जवळपास सव्वानऊ चौरस मीटर. तिला रोजचं 55 ते 65 लिटर पाणी झालं. आणि कुणी हौसेनं अख्खा गुंठा, म्हणजे 33 बाय 33 फूट, भाजीखाली धरला तर रोजचं 600-700 लिटर. हजार लिटरच्या टाकीतली निम्म्याहून जास्त टाकी रोज रिकामी करावी लागेल. टँकरच्या दिवसांत हे कुणाला परवडणार?

आता घरातून बाहेर जाणारं पाणी मोजा. पाच माणसांचं घर धरू. माणशी एक 15 लिटरची बादली अंघोळीला, म्हणजे 75 लिटर. भांडी, भाजी-तांदूळ धुणं यातून 25-30 लिटर. कपड्यांच्या शेवटच्या खळबळणीचं 20-25 लिटर. एकूण 120 लिटरच्या आसपास पाणी रोज मोरीतून गटारात किंवा रस्त्यावर जातं. रस्त्यावर गेलं की शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाण्याचा हिशोब धरलाय, तेवढं आलं तर ही आकडेमोड जुळते. पण टंचाईत अंघोळ अर्ध्या बादलीवर येते, कपडे दोन दिवसांआड, आणि सांडपाणीही 50-60 लिटरवर येतं.

तेच 50-60 लिटर खरं. मार्चचं 120 बघून वाफे आखायचे नाहीत. मे महिन्यातलं 50-60 लिटर धरून आखायचे. म्हणजे पाच माणसांच्या घराला उन्हाळ्यात दहा बाय दहाची एकच जागा, फार तर कुंपणाला तीन-चार वेल आणि न्हाणीच्या तोंडाशी आळूचं बेट. एवढंच. जागा जास्त असेल तर ती मोकळी पडू द्या, मृगाला आहेच. दहा बाय दहातली जिवंत भाजी वीस बाय वीसमधल्या अर्धमेल्या भाजीपेक्षा जास्त दिवस खाता येते.

आणखी एक स्पष्ट सांगतो. परसबागेसाठी बोअर चालवू नका, पिण्याच्या टाकीला पाइप लावू नका. गावात घागरीला भांडणं चालू असताना भेंडीला नळाचं पाणी सोडणं शोभत नाही. एकदा घरात वापरून झालेलं पाणी, तेवढ्यावरच ही बाग.

कोणतं सांडपाणी चालतं, कोणतं नाही

सगळं सांडपाणी सारखं नसतं. भाजी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी सगळ्यात चांगलं, ते कोणत्याही झाडाला घाला. अंघोळीचं पाणी चालतं, साबण थोडाच असतो. भांड्यांच्या पाण्यात तेलकटपणा असतो, तो मातीवर बसला की पाणी आत मुरत नाही. म्हणून मोरीच्या पाइपखाली जुना तेलाचा डबा ठेवा, तळाला बारीक भोकं पाडा, त्यात खाली खडी, मध्ये जाड वाळू, वर नारळाच्या शेंड्या. शेंड्या आठ-दहा दिवसांनी बदला.

कपड्यांचं पहिलं पाणी, ज्यात पावडर फेसाळलेली असते, ते मात्र बागेत नको. धुण्याच्या पावडरीत सोडियम असतो. आपली काळी माती आधीच चिकणी, त्यात सोडियम साठत गेला की ती चोपण होते. वरून पांढरी साय धरते, पाणी टाकलं तर वरच उभं राहतं, पानांच्या कडा करपतात. मग माणूस म्हणतो पाणी कमी पडलं, आणि आणखी तेच पाणी ओततो.

आता गावोगावी फिल्टर आलेत. घरात आरओचं मशीन असेल तर त्याच्या बारक्या नळीतून जे पाणी बाहेर जातं ते लोक वाया जाऊ नये म्हणून रोज कुंडीला, वाफ्याला घालतात. भावना चांगली आहे, पण बोअरच्या पाण्यातला जो क्षार मशीन काढून टाकतं तो सगळा ह्याच पाण्यात असतो. ते फरशी पुसायला, मोरी धुवायला वापरा. बागेत रोज घालू नका.

जमिनीवर पांढरी साय दिसायला लागली असेल तर ते पाणी आठ-पंधरा दिवस दुसऱ्या जागेला फिरवा, वाफ्यात कुजलेलं शेणखत मिसळा, मूठ-दोन मूठ जिप्सम टाकून खुरपून घ्या. पावसाळ्यात साठलेला बराच क्षार धुऊन खाली जातो. म्हणून दरवर्षी एकाच वाफ्यावर सांडपाणी सोडण्यापेक्षा जागा बदललेली बरी.

कच्च्या खायच्या वस्तूंना, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात, मुळा, गाजर यांना मोरीचं पाणी घालू नका. त्यांना भाजी-तांदूळ धुतलेलं चांगलं पाणी राखून ठेवा. मोरीचं पाणी वेलांना, शेवग्याला, पपईला, केळीला, आळूला, वांग्याला. तेही बुंध्याशी, पानांवर शिंपडून नाही. संडासाचं पाणी कशालाच नाही, हे वेगळं सांगायला नको.

सांडपाणी टिपाडात भरून दोन-तीन दिवस ठेवायचं नाही. वास सुटतो, डास होतात, आणि मग डेंग्यूची तपासणी करायला आशाताई दारात उभ्या. रोजचं रोज संपवा.

काय लावायचं

उन्हाळ्यात खरी भरवशाची भाजी गवार आणि चवळी. पाणी एखाद दिवस चुकलं तरी तग धरतात. गवारीत पुसा नवबहार हे जुनं वाण सगळीकडं मिळतं. भेंडीला पाणी थोडं जास्त लागतं पण 45-50 दिवसांत तोडा चालू होतो. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवून लावा, नाहीतर कोरड्या गरम मातीत निम्मं उगवत नाही. दोडका, कारल्याचं बी आणखी टणक असतं. ते भिजवून ओल्या फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवा, मोड दिसला की लावा.

पालेभाजीत पालक आणि मेथीच्या नादी आता लागू नका. पालक उन्हात लगेच फुलावर येतो, मेथी कडू होते आणि जळते. त्याऐवजी माठ, तांदुळजा, चुका, अंबाडी, घोळ. तांदुळजा आणि घोळ आपल्या आजीच्या वेळी कुणी पेरत नव्हतं, मोरीच्या कडेला आपोआप यायचे. आता तणनाशकानं बांधावरून गेले, पण बाजारात म्हाताऱ्या बाया अजून विकायला आणतात. त्यांच्याकडून मुळासकट जुडी मिळाली तर घोळ सरळ मातीत खोचला तरी जगतो. माठ पेरल्यापासून 25-30 दिवसांत खायला येतो. सगळा एकदम पेरू नका, दर दहा दिवसांनी हातभर पट्टा पेरत जा.

टोमॅटोचं लोक विचारतात. झाड उन्हाळ्यात जगतं, फुलंही येतात, पण दिवसाचा पारा पस्तीस-अडतीसच्या पुढं आणि रात्रही गरम, अशा वेळी फुलं गळतात. पावसाळ्यासाठी रोप धरायचं असेल तर ठेवा, मे महिन्यात टोमॅटो खायच्या आशेवर पाणी घालत बसू नका. वांगी आणि मिरचीची जुनी झाडं असतील तर उपटू नका, सावली करून जगवा.

बियाण्याचं म्हणाल तर परसबागेला महागडं संकरित बी लागतच नाही. परभणी क्रांती भेंडी आपल्याच विद्यापीठानं काढलेली आहे. सरळ वाणाचं बी पुढच्या वर्षी घरचं धरता येतं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती असंच घरचं, गावरान बी जपल्याबद्दल. उमेदच्या बचत गटांना परसबागेसाठी बियाणं आणि गोल वाफ्यांच्या आखणीची माहिती मिळालेली असते, गावातल्या सीआरपी ताईंना विचारा. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारपूस करता येते.

सावली आणि आच्छादन

दुपारी बारा ते चार हे चार तास झाडाला अडवून दिले की पाणी बरंच वाचतं. हिरवी नेट विकत आणलीच पाहिजे असं नाही. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांची किंवा पऱ्हाट्यांची पुरुषभर उंच ताटी उभी करा. तिची दोन कामं होतात, तिपारचं ऊन अडतं आणि झळ्या अडतात. झळई वाऱ्यानं पानातलं पाणी उन्हाइतकंच उडतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वरून जुन्या सुती साड्या बांधल्या तरी चालतं. फक्त साडी झाडाच्या शेंड्यापासून हात-दीड हात वर असू द्या आणि सकाळचं कोवळं ऊन आत येऊ द्या. पूर्ण अंधार केला तर झाडं उंच, पांढुरकी होतात आणि फळ धरत नाहीत.

खाली माती उघडी ठेवू नका. काळ्या मातीला भेगा पडल्या की त्या भेगांतून खालची ओल उडते आणि मुळं तुटतात. सोयाबीनचं भुसकट, गव्हाचं काड, उसाचं पाचट, जे घरात असेल ते चार बोटं जाड पसरा. बुंध्याला मात्र चिकटवू नका, तिथं चार बोटं जागा सोडा. आपल्याकडं वाळवीचा त्रास असतो, म्हणून कोरडं काड जाड थरात टाकून विसरून जायचं नाही, आठवड्याला उलटंपालटं करायचं. ताजं शेण अजिबात नको, त्यानं मुळं भाजतात आणि हुमणी-वाळवी दोन्ही येतात. घरात कोंबड्या असतील तर आच्छादन एका सकाळीत उकरून टाकतील, त्यावर काटक्या दाबून ठेवा.

आणि एक काळजीची गोष्ट. उन्हाळ्यात सगळं रान तापलेलं असताना परसबागेतला ओला, गार कोपरा साप-विंचवालाही आवडतो. आच्छादनात, आळूत, वेलाखाली हात घालायच्या आधी काठीनं हलवून घ्या. पोरांना संध्याकाळी अंधारात भेंडी तोडायला पाठवू नका. चावलाच तर मांत्रिकाकडं वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना.

मडकं पुरायची जुनी युक्ती

वेलांना सगळ्यात कमी पाण्यात जगवायचं साधन कुंभाराकडं मिळतं. पाच-सहा लिटरचं कच्च्या रंगाचं, बिनपॉलिशचं मडकं घ्या. गळ्यापर्यंत मातीत पुरा, तोंडावर झाकण ठेवा, आणि भोवती वीतभर अंतरावर तीन-चार बिया लावा. मडक्यात पाणी भरलं की ते हळूहळू पाझरून मुळाशीच जातं. वर माती कोरडी राहते, त्यामुळं तणही कमी. दर दोन-तीन दिवसांनी पाणी भरायचं. यात मात्र साबणाचं पाणी नको, पाझराची बारीक छिद्रं बुजतात. डाळ-तांदळाचं पाणीही गाळून घाला.

काही जण मागच्या वर्षीचा, गार पाणी न करणारा माठ ह्याला वापरतात. माठ गार करत नाही याचा अर्थच त्याची छिद्रं बुजली आहेत, तो जमिनीतही पाझरणार नाही. परीक्षा सोपी आहे. मडकं भरून रात्रभर ओट्यावर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर घाम आलेला दिसला तर कामाचं, कोरडं ठक्क असेल तर त्यात मिरचीचं रोप लावा.

मडकं नसेल तर आळ्याला पाणी द्या. वेळ संध्याकाळची, सूर्य कलल्यावर, किंवा अगदी पहाटे. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा दिवसाआड अर्धी बादली बुंध्याशी दिलेली चांगली. वरवर ओल दिली की मुळं वरच राहतात, आणि पाणी एक दिवस चुकलं तरी झाड मान टाकतं. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी वाफसा आला की खुरप्यानं वरची पपडी मोडा.

फुलं येतात पण दोडका लागत नाही

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तक्रार हीच. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "अरे, दुधीचा वेल निस्ता फुलतोय, एक फळ धरंना. वांझ हाय वाटतं, उपटू का?" म्हटलं काकू, थांबा जरा.

दुधी, दोडका, कारली, काकडी, तांबडा भोपळा या वेलांना एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. नर फुलाचा देठ बारीक, सरळ. मादी फुलाच्या मागं देठाला चिकटून बोटाएवढं बारीक फळ आधीच असतं. सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस वेल बहुतेक नर फुलंच देतो, तो त्याचा स्वभाव आहे. उष्णता आणि मोठा दिवस असला की नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं. त्यात कुणी लवकर वाढावं म्हणून युरियाची मूठ टाकली असेल तर वेल नुसता पसरतो.

मादी फुलं आली तरी दुसरी अडचण असते. नर फुलातला पराग मादी फुलावर कुणीतरी न्यावा लागतो. हे काम मधमाश्या, किडे करतात. उन्हाच्या तडाख्यात आणि फवारण्यांमुळं ते कमी झालेत. पराग पोचला नाही की बोटाएवढं फळ पिवळं पडून गळतं. लोकांना वाटतं कीड लागली.

उपाय हातात आहे. ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागं मोडा, आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलका फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. वेळ मात्र सांभाळा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळं दिवेलागणीच्या वेळी करा. काकडी, कारली, तांबडा भोपळा पहाटे-सकाळी उमलतात, त्यांचं काम ऊन चढायच्या आत. दुपारी केलं तर उपयोग नाही, पराग सुकलेला असतो. बरोबर जमलं तर चार-पाच दिवसांत फळ फुगलेलं दिसतं. काकूंच्या वेलाला आता तीन दुधी लटकलेत, आणि उपटायचा विषय बंद आहे.

मधमाश्यांसाठी परातीत खडे टाकून थोडं पाणी बागेत ठेवा, दर दिवशी बदला. त्यांनाही मे महिन्यात पाणी मिळत नाही.

शेतातला पंप घरामागं आणू नका

पांढरी माशी, मावा, लाल कोळी हे उन्हाळ्याचे पाहुणे. भेंडीची पानं पिवळ्या जाळीसारखी झाली की तो हळद्या, विषाणूचा रोग. तो पांढरी माशी पसरवते आणि त्यावर औषध नाही. ते झाड सरळ उपटून लांब पुरा, बाकीची वाचतील. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळी आणि तांबडे ठिपके दिसले तर लाल कोळी. त्याला कोरडं, धुळीचं पान आवडतं. तीन-चार दिवस सलग सकाळी पानाच्या खालून चांगल्या पाण्याचा फवारा मारला तरी तो हटतो. चवळीवर मावा आला तर शेंडे खुडून टाका.

घरचं औषध म्हणजे निंबोळी. पाच टक्के अर्काचं माप, दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची भरड. भरड रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या मे-जूनमध्ये पडायला लागतील तेव्हा पोरांकडून गोळा करून सावलीत वाळवून ठेवा, पुढच्या वर्षी विकत घ्यावं लागणार नाही. काकडी-दोडक्याला फळमाशी डंख मारते, फळ वाकडं होऊन सडतं. सडकं फळ तिथंच टाकलं की त्यातली अळी मातीत जाते आणि पुन्हा माशी होते. रोज गोळा करून पिशवीत बांधून उन्हात ठेवा. क्यू ल्यूरचा सापळा कृषी केंद्रात मिळतो, एक पुरतो.

आता मुद्द्याचं. हरभऱ्याला, तुरीला मारून उरलेलं औषध पंपात असतं, घरी येता येता परसबागेवरही फवारा बसतो. हे सर्रास चालतं. शेतातल्या तुरीचा दाणा महिन्या-दोन महिन्यांनी खायला येतो, इथली भेंडी उद्या सकाळी चुलीवर चढणार आहे आणि काकडी पोरगं न धुताच खाणार आहे. काही औषधं तर भाजीपाल्यावर चालतच नाहीत, मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर सरकारनं बंदी घातलेली आहे. डब्यावर कोणत्या पिकाला चालतं आणि फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही हे लिहिलेलं असतं. ते वाचता येत नसेल तर फवारूच नका. चार भेंड्या किडक्या निघाल्या तर निघू द्या, कोंबड्यांना टाका. दुकानदार "काही होत नाही" म्हणाला म्हणून घरच्या भाजीवर कीटकनाशक मारणं मला तरी पटत नाही.

तोडणी आणि पुढचं

भेंडी दिवसाआड तोडा, गवार कोवळी असतानाच. फळ वेलावर जून होऊ दिलं की झाड बी धरायच्या मागं लागतं आणि नवीन फुलं कमी देतं. मे महिन्यात सांडपाणी फारच कमी झालं तर सगळ्यांना थोडं थोडं देऊन सगळी मारू नका. आधी माठ-चुक्याचे वाफे काढून खाऊन टाका, मग थकलेली भेंडी काढा. शेवटी गवार, एखादा मडक्यावरचा वेल, शेवगा, कढीपत्ता आणि जुनी वांगी-मिरची एवढं जगवा. एप्रिल-मेमध्ये अवकाळीचा भरवसा नाही. आभाळ भरून वारा सुटला की साड्यांचं छत आधी सोडून घ्या, नाहीतर साडीसकट मांडव वेलावर बसतो.

जुन्या वांग्याची झाडं मे अखेरीला गुडघ्याएवढी ठेवून छाटा, बुंध्याला कुजलेलं शेणखत घाला. पहिल्या पावसावर नवीन फूट येते आणि नव्या रोपांच्या आधी वांगी मिळतात.

बी धरायचं असेल तर सरळ वाणाच्या वेलाचंच धरा, संकरितचं धरलं तर पुढच्या वर्षी कसं निघेल सांगता येत नाही. दुधीचं एखादं सुरुवातीचं, सरळ, निरोगी फळ निवडून त्याला रंगीत दोरा बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर ते भाजीत जातं. साल टणक होऊन फळ हलवल्यावर आतलं बी वाजायला लागलं की काढून फोडा, बी सावलीत वाळवा आणि चुलीची राख लावून डब्यात भरून ठेवा.